खड्याचं पाणी

कुटकन आवाज झाला. पत्र्याच्या पेल्यात गोळी फुटल्याचा आवाज तो केवढासा. पण दुपार इतकी निपचित पडली होती की नेत्साईला वाटलं, आता सगळ्या वस्तीला कळलं.

"काय फुटलं गं?" अंगणातून सासूबाईंनी विचारलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काही नाही, आई. खडा निसटला हातातून."

"निसटतोच कसा? देवाची वस्तू ती, रताळं नव्हे."

खडा नदीतला होता, काळा, गुळगुळीत. पांढऱ्या झग्यांच्या त्यांच्या मंडळीत दुखण्याला एकच उपाय : संदेष्ट्याने प्रार्थना केलेला खडा पाण्यात टाकायचा आणि ते पाणी विश्वासाने प्यायचं. औषधाला शिवलं की तारण गेलं. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेत्साईच्या लेकीचं, रुवाचं, औषधाचं कार्ड स्वतःच्या खणात ठेवून घेतलं होतं. तिथे अशी आणखी अकरा कार्डं होती.

नेत्साई त्याच खड्याने गोळी चेचायची. चेचताना देवाचंच नाव घ्यायची, मनापासून. पाच महिन्यांत रुवाला फेफऱ्याचा एकही झटका आला नव्हता. गोळीने की प्रार्थनेने, तिला माहीत नव्हतं. दोन्हींतलं एक थांबवून बघावं, एवढी तिची छाती नव्हती. मागच्या झटक्याला पोर चुलीत पडली होती. कोपरावरचं कातडं अजून चकाकत होतं.

"सूनबाई, निरोप आलाय," सासूबाई म्हणाल्या. "उद्या दारावर रुवालाच पुढे करायचं."

नेत्साईचा हात पेल्यावरच राहिला. वर्षाच्या मोठ्या मेळ्याला आत जाण्याआधी प्रत्येकाने दारावरच्या संदेष्ट्यांपुढे मनातलं सगळं बोलून टाकायचं असे. स्वतःच्या तोंडून काय सांगायचं, ते तिने महिनाभर घोकून ठेवलं होतं.

"ती सहा वर्षांची आहे, आई. घाबरेल."

"घाबरायला काय झालं? लेकराला खोटं येत नाही, म्हणून तर त्याची साक्ष मोठी." सासूबाई हसल्या. "का तू तिला काही चोरून चारतेस?"

"काहीतरीच तुमचं."

बाहेर चार-दोन शेंगा फुटल्या. मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"मी चौदा दिवस मीठ तोंडात घातलं नाही तिच्यासाठी. गुडघे सोलले. पण खरं सांगू? फळली ती तुझी श्रद्धा. तू या घरात आलीस तेव्हा मी तुला बरंच बोलले होते. उद्या दारावर तेही सांगून टाकणार आहे मी."

नेत्साईने बोटाने पेला ढवळला. तळाशी पांढरा गाळ फिरला आणि खड्याला चिकटला. तिने तो पुसून काढला.

रुवा पाठीमागून येऊन उभी राहिली. उद्याचा पांढरा झगा तिने आजच अंगात चढवला होता. तो पायांत येत होता.

"पी," नेत्साई कुजबुजली. "एका दमात."

रुवाने डोळे मिटून पाणी संपवलं, तोंड वाकडं केलं, जीभ झग्याच्या बाहीला पुसली. मग रिकाम्या पेल्यातल्या खड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई, सकाळी मी आजीच्या पेल्यातलं पाणी प्याले," ती म्हणाली. लहान मुलांना हळू बोलता येत नाही. "त्यातही असाच खडा होता. ते कडू नव्हतं."

नेत्साईने तिच्या तोंडावर ठेवायला हात उचलला, आणि तसाच धरून राहिली.

"देव फक्त माझ्यावरच रागावलाय का?"

अंगणात शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.