दोन ॲम्प्लिफायर

खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायचं आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही, एवढंच इझाबेलला सांगितलं होतं. ती बसली. मांडीवर सूप घेतलं, त्यात अर्नाळ्याहून आणलेला सुका जवळा ओतला आणि निवडायला लागली. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आल्यावर नवऱ्याच्या असल्या परीक्षेला रिकाम्या हातांनी बसायची तिची तयारी नव्हती.

परीक्षा खरं तर ॲम्प्लिफायरची होती. आलोशियसच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने आपला पॉवर ॲम्प्लिफायर त्याला आठ दिवस वापरून बघायला दिला होता. ठेवायचा की परत करायचा, ते आज कळवायचं होतं. आलोशियसच्या मनाने कधीच कौल दिला होता. व्हायोलिनच्या तारेवर गज घासतो तोसुद्धा आता ऐकू येतो, असं तो आठ दिवस घरी येईल त्याला बसवून सांगत होता. ऐकणारे मान डोलवायचे आणि चहा पिऊन जायचे.

मान डोलवली नाही ती फक्त शत्रुघ्नने. मनवेलपाड्याला त्याचं रिपेअरिंगचं दुकान होतं आणि हे मशीन त्यानेच जोडून दिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की एवढ्याशा खोलीत, शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही इतक्या आवाजात ऐकायचं, तर घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरची पाव ताकदही लागत नाही. मोठा हॉल असता, स्पीकर जड असते, तर गोष्ट वेगळी.

"आणि फरक वाटत असेल, काका, तर नवा जरासा मोठ्याने लागत असणार. मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो."

म्हणून आज त्याने मीटर लावून दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केला होता आणि स्पीकरच्या वायरींमध्ये एक छोटी डबी बसवली होती. डबीवरची कळ डावीकडे केली की जुना लागायचा, उजवीकडे केली की नवा. ओळखायला इझाबेलला बसवायचं, हेही त्यानेच सुचवलं. चर्चच्या गायनमंडळात तीस वर्षं गाणारी ही बाई, मागच्या रांगेत कोण बेसूर झालं ते न वळता सांगायची.

आलोशियस स्टुलावर बसला, एक हात कळीवर ठेवून. त्याने एक वॉल्ट्झ लावला, पूर्वी लग्नांत मांडवाखाली जोडपी नाचायची तसला. थोडा वेळ एकावर, थोडा वेळ दुसऱ्यावर. शत्रुघ्न कॅलेंडरच्या फाटक्या पानावर खुणा करत होता.

"हा जुना," इझाबेल म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हा नवा." मग पुन्हा नवा. आलोशियसने मुद्दाम दोनदा एकच लावला होता, तोही तिने ओळखला.

आठपैकी आठ बरोबर आले. शत्रुघ्नने पान दोनदा तपासलं, डबी उलटीसुलटी करून पाहिली, आणि शेवटी काकींपुढे आपला मीटर हरला असं कबूल करून हत्यारं पिशवीत भरली. सहकाऱ्याला निरोप द्यायचं कामही आलोशियसने त्याच्यावरच सोपवलं. मशीन ठेवतो म्हणावं.

तो गेल्यावर आलोशियस बराच वेळ दारातच उभा राहिला. निवृत्त झाल्यापासून त्याच्या कुठल्याच म्हणण्याला घरात असा भक्कम दुजोरा मिळाला नव्हता. आत येऊन त्याने बायकोला विचारलं, नेमकं काय वेगळं लागलं? व्हायोलिन, की खालचा बेस?

इझाबेलने जवळ्यातला एक बारीक शिंपला काढून बाजूला ठेवला. "ठेवायचं ठरलंय ना? मग ठेवा. राहू द्या ते."

पण तो ऐकेना. जे आपल्याला ऐकू येतं ते आणखी कुणालातरी येतं, हे त्याला तिच्या तोंडून हवं होतं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं.

"मला दोन्ही सारखेच ऐकू आले," ती हळूच म्हणाली. "शत्रुघ्नच्या देखत बोलायचं नव्हतं मला. जुना लागला की तुमची स्लिपर फरशीवर ठेका धरायची. नवा लागला की ती थांबायची. मी तेवढंच ऐकत होते."

सूप उचलून ती स्वयंपाकघरात गेली.

आलोशियस स्टुलावर बसला. पायाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने कळ उजवीकडे केली आणि वॉल्ट्झ पहिल्यापासून लावला. सूर छान येत होते, एकेक वेगळा. तो वाट बघत राहिला. अर्धा वॉल्ट्झ संपला तरी पाय हलला नाही.

मग त्याने आपणच तो हलवायला घेतला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. स्लिपर फरशीवर वाजू लागली, पण ठेक्याच्या जराशी मागून.