मोठी रेकॉर्ड

हयवदनकाकांनी सुई टेकवली. धप्, धप्, धप्, धप्. पहिल्या ठोक्याला कमलाकाकूंनी वॉकर पुढे सरकवला, दुसऱ्याला एक पाय, तिसऱ्याला दुसरा, चौथ्याला विसावा. मग पुन्हा वॉकर. बनशंकरीतल्या घराच्या हॉलमध्ये त्या रोज सकाळी अशाच चालत, याच गाण्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुसऱ्या कशासाठी त्या खुर्चीतून उठायला तयारच नसत.

"गुडघा बरा आहे, वॉकर सोडा, असं डॉक्टर म्हणतात," काका पुतणीला म्हणाले. "ही म्हणते, पडेन."

आश्लेषा नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. काकांपेक्षा तिचं लक्ष गाण्याकडे होतं. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल होता. दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेई, आणि तो श्वास संपतच नसे.

"काका, एवढा लांब श्वास कुणी घेतं का?"

"युरोपातला माणूस आहे तो. थंडी असते तिकडं."

ती फिरत्या रेकॉर्डवर वाकली. इथल्याच शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून काकांनी ती आणली होती. मधला कागद कोरा. जेवणाच्या ताटाएवढी मोठी, पण एका बाजूला एकच गाणं. खाचा एकमेकींपासून लांब लांब.

"ही क्लबात नाचायला लावायची रेकॉर्ड आहे. खाचांना जागा जास्त दिली की ठोका दणदणीत उमटतो. कुठल्या स्पीडवर लावलीय?"

"मिनिटाला तेहतीस फेरे. मोठी रेकॉर्ड तेहतीस, लहान पंचेचाळीस. आमच्या अण्णांनी शिकवलंय."

"मला वाटतं हिला पंचेचाळीस पाहिजे. बघू?"

काकांनी स्पीडच्या बटणावर हात ठेवला आणि स्वतःचा आवाज खाली आणला. "नको गं. या एका गाण्यावर ती उठते. ते बिघडलं तर पुन्हा खुर्ची धरेल."

"अय्यो, काय कुजबुज चाललीय?" काकू थांबल्या होत्या. "मलाही स्वल्प कळू दे की, इतके दिवस कशावर चालले ते. अहो, हात काढा."

काकांनी हात काढला. आश्लेषानं बटण दाबलं.

गाणं घसरत वर चढलं. तो जाड आवाज एका शब्दाच्या मध्येच पातळ झाला, आणि त्या शब्दाच्या शेवटी कोणी मुलगी गात होती. ती भरभर श्वास घेत होती.

"अगं बाई, ही तर पोर आहे!" काकू हसायला लागल्या. "आणि तुम्ही तिला म्हातारा करून ठेवलात."

त्यांनी वॉकर उचलला. तोवर ठोका पुढे निघून गेला. पुन्हा उचलला, पुन्हा चुकला. त्यांनी तो वैतागून सोफ्याकडे ढकलून दिला.

"हे मधेमधे येतंय."

काका धावले. "कमला, पडशील!"

"मग धरा की."

काकांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. ठोके चालूच होते. काका स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"डावा," काकू म्हणाल्या.