शलाकाची मूळ संख्या

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, तरी शलाकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पत्रिका कधीच मागे पडल्या होत्या. आता जन्मताच मिळालेले चाळीस आकडी क्रमांक जुळवायचे. दोन्ही क्रमांकांना एकाच संख्येने भाग गेला, की लग्न ठरलं. शलाकाचा क्रमांक नेमका मूळ संख्या निघाला होता, त्यामुळे आलेलं प्रत्येक स्थळ हात हलवत परत जायचं.

क्रमांक जुळवणाऱ्या यंत्राने याही वेळी नकार दिला. मुलाची आई पदर सावरत उठली.

“अगं आई, एकाने जातो की भाग,” मुलगा, निषाद, म्हणाला.

“एकाने काय, सगळ्यांनाच जातो!” आई वैतागली.

“मग जुळलंच ना?”

शलाकाची चुळबुळ थांबली.

“म्हणजे माझं कोणाशीही जुळतं,” ती निषादकडे रोखून बघत म्हणाली. “मग तुमच्याशीच लग्न का करू?”