उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला

शहजादीताईंच्या घराचा स्लॅब गळत होता. मागच्या ठेकेदाराने फसवल्यामुळे यंदा त्या धास्तावल्या होत्या. मी त्यांच्या लेकीला, शिफाला सांगितलं, “मोबाईलमधले फोटो नकोत, बांधलेलं घर दाखवा म्हणायचं.” यंदाच्या पहिल्या ठेकेदाराने त्याने बांधलेलं राहुरीतलं घर कोपऱ्यावरूनच दाखवलं. “आत कुणी नसतं,” तो म्हणाला. “ओट्यावर आजी बसल्यात की!” शिफा म्हणाली. त्याने घाईने गाडी वळवली. दुसरे होते मच्छिंद्र. त्यांनी पुणतांब्याला, स्वतः बांधलेल्या घरी, बनुबाईंच्या दारात नेलं. मच्छिंद्रना पाहताच बाई कडाडल्या, “आलास व्हय रं? छत गळत न्हाई, पन मोरीचं दार अजून अडकतंय!” शहजादीताईंचा चेहरा उतरला. मच्छिंद्र मात्र उंबऱ्यापाशी चपला काढून थेट मोरीकडे गेले. “आधी चहा घे, मग बघ,” बनुबाई आतून ओरडल्या. शिफाने माझ्याकडे पाहिलं. मी त्या चपलांकडे बोट दाखवलं, “तक्रार ऐकूनही पळाले नाहीत, घरच्यासारखे आत गेले.” शहजादीताईंनी हाक मारली, “भाऊ, आमच्याकडं कधी येता?”