चौथा पाटा

लिंबाजीनं जीप वीरप्पाच्या गॅरेजपुढं थांबवली आणि उतरल्या उतरल्या मागच्या चाकावर लाथ घातली.

"किल्ल्याच्या वळणाला उलटलीच असती की वो! डाव्या अंगाला अशी कलली, जीव मुठीत धरून बसलो. कुण्या येड्यानं वाटोळं केलंय ह्या मागच्या स्प्रिंगच्या कमानीचं?"

त्याच्या मागोमाग बलभीम उतरला. कालपर्यंत जीप त्याची होती. गाडी विकली की नव्या मालकाबरोबर मिस्त्रीच्या दारापर्यंत जायचं, ही नळदुर्गाकडची रीत. रीत नसती तर तो आलाच नसता. काखेत फडक्यात बांधलेलं जडशीळ गाठोडं होतं. ते घेऊन तो लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला.

वीरप्पानं जीपखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. मागच्या कमानीतले चार पोलादी पाटे काढलेत आणि त्यांच्या जागी जुन्या टायरच्या पट्ट्या कोंबल्यात, हे त्याला न बघताच ठाऊक होतं.

"त्यो येडा म्याच," तो म्हणाला. "ह्याच हातानं काढलेत."

लिंबाजीनं कपाळावर हात मारला. "आता बोला! आवो, मला सोसायटीच्या पेंडीची पोती वाहायचीत. अशा कमानीवर पोती लादली तर बूड टेकंल की रस्त्याला. कशापायी केलं असलं?"

"गाडी मऊ चालावी म्हणून," बलभीम म्हणाला. "आमच्या घरातलीला मणक्याचं दुखणं होतं. दर आठवड्याला सोलापूरला न्यायचो."

एवढं बोलून त्यानं काखेतलं गाठोडं घट्ट धरलं. गावापासून हमरस्त्यापर्यंतची खडी बहात्तरच्या दुष्काळात बायांनी फोडली होती आणि त्या बायांत त्याची चांगुणा होती. वर डांबर काही पडलं नाही. तीच खडी मग तिच्या मणक्यात घुसायची. चाक दगडावर चढलं की ती पदर दातात धरायची, आणि वर त्यालाच म्हणायची, "हाका तुमी. मला कायबी हुईना." ते ऐकून त्याच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. एके दिवशी त्यानं जीप तिच्यासकट इथं आणून उभी केली. वीरप्पानं आधी दोन शिव्या हासडल्या. मग आत बसलेल्या चांगुणाकडं बघितलं आणि निमूट पाना उचलला. काढलेले पाटे तिच्या पायाशी ठेवून म्हणाला, "जपून ठेवा, वैनी. तुमी बऱ्या झाल्या की परत घालायचेत."

बाईनं तो शब्द धरूनच ठेवला. पाटे तिनं बाजेखाली ठेवून घेतले. दर बाजाराच्या दिवशी बलभीम एकेक काढून तिच्या मांडीवर द्यायचा आणि ती करडीचं तेल चोळत बसायची. कालवणाला थेंबथेंब तेल घालणारी बाई, पण पाट्यांना तिनं कधी हात आखडला नाही. एकदा तो कावला होता, "लोखंडाला तेल पाजतीस व्हय गं?"

"मग? मी बरी झाले आन् हे गंजलेले निघाले तर?"

त्यानं बाजेखालून पुढचा पाटा काढून तिच्या मांडीवर दिला.

"आण बलभीमा, सोड ते," वीरप्पा हळूच म्हणाला.

बलभीमनं गाठोडं सोडलं. फडकं तिच्या हिरव्या लुगड्याचं होतं. लिंबाजी वाकला आणि पहिला पाटा उचलून त्यानं उन्हात धरला. मग दुसरा. मग तिसरा.

"आयला! नवेकोरे की वो. गंजाचा ठिपका न्हाय."

चौथा हातात घेतल्यावर मात्र त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. एका टोकापासून अर्धा पाटा लख्ख होता आणि पुढचा अर्धा तांबडालाल.

"आन् ह्यो असा अर्धाच कसा गंजला?"

चकाकी जिथं संपत होती तिथं बलभीमनं बोट ठेवलं. "हितवर चोळला तिनं," तो म्हणाला. "हितवरच."

मग त्याला रडू आवरलं नाही. लिंबाजीनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मघाशी लाथ घातलेल्या चाकाकडं त्याला बघवेना.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ह्यो पाटा ऱ्हाऊ द्या ह्यांच्यापाशी. मी दुसरा आणतो."

"न्हाय," बलभीमनं बाहीनं डोळे पुसले. "घाला. गाडीत घालायलाच जपलेत तिनं."

वीरप्पानं तिन्ही पाटे बसवले. चौथ्यासाठी त्यानं पॉलिशपेपर आणि जळक्या ऑइलचा डबा पुढं ओढला, तर बलभीमनं त्याचा हात धरला. खिशातनं एक बाटली काढली. तळाशी थोडं करडीचं तेल होतं. ते त्यानं तळव्यावर घेतलं, पाटा मांडीवर आडवा ठेवला, आणि तिनं जिथं सोडलं होतं तिथनं पुढं चोळायला लागला.

वीरप्पा पाना घेऊन उभा राहिला. लिंबाजी लिंबाखाली जाऊन बसला. तेल कधीच संपलं होतं. गंज सुटून बलभीमचे तळवे तांबडे झाले, तरी हात थांबेना.

"झालं की आता, बलभीमा," वीरप्पा म्हणाला. "दे इकडं."

"थांबा जरा, अण्णा," बलभीमनं मान वर केली नाही. "एवढं झालं की तिचं कायच करायचं ऱ्हात न्हाय."