चिमूटभर ज्येष्ठमध

पत्नी कुमुदच्या श्राद्धाचे वडे आणि खीर जेवून झाल्यावर यशवंतराव पोतनिसांनी फडताळातून तिची चूर्णाची बाटली काढली. ज्येष्ठमध, बडीशेप आणि खडीसाखर, सगळं तिनेच खलबत्त्यात कुटलेलं. असल्या जड जेवणानंतर ती प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर चूर्ण ठेवत फिरायची. आता ते तळाशीच काय ते उरलं होतं.

त्यांनी चिमूट तोंडात टाकून गिळली, तोच मनगटावरचा पट्टा बोलला, "पोटात ज्येष्ठमध आढळला. पित्ताच्या औषधाबरोबर तो नको. आजचा डोस थांबवला आहे. मुलीला कळवलं आहे."

पोटात बसवलेली कुपी गेली काही वर्षं इमानाने औषध सोडत होती. तेव्हापासून जळजळ नव्हती आणि मृदुलाचा फोनही क्वचितच यायचा. बाबांची तब्येत तिला नागपुरात पडद्यावर दिसायची, मग विचारायचं काय?

जळजळ सुरू झाली. पूर्वी अशा वेळी कुमुद रागावत पाठ चोळायची. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कळत कसं नाही तुम्हाला? ज्येष्ठमधाने बीपी वाढलं म्हणजे?"

"आईचं चूर्ण होतं गं."

मृदुला अगदी कुमुदच्या सुरात म्हणाली, "घोटभर थंड दूध घ्या. आणि लगेच आडवे होऊ नका. मी बोलतेय ना, बसून राहा."

यशवंतराव बसून राहिले. बोलता बोलता त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. एका चिमटीला एक फोन; उरलेलं चूर्ण आता जपून वापरायला हवं होतं.