हलणारा कठडा

“आधी हात लावून हलवून बघायचं. हललं की रिबन बांधायची. आणि आई, घाई करायची नाही. सगळी वाट बघून झाल्याशिवाय घरी यायचं नाही.”

एखाद्याला कामावर रुजू करून घ्यावं तसं अश्विनने आईला सांगितलं होतं. म्हणून सुमित्राबाई घाई करत नसत. परदेशात मुलाकडे त्या राहत, त्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमागून एक पायवाट टेकडीवर जाते. तिच्यावरच्या सैल पायऱ्या, खचलेल्या फळ्या त्या रोज सकाळी शोधत आणि तिथे लाल रिबन बांधत. पायवाटांची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांत मुलाने आपलं नाव घातलं आहे, आपली खूण बघून मागून कुणीतरी दुरुस्ती करून जातं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. उतारावरच्या पायऱ्यांच्या कठड्याची दुरुस्ती मात्र होत नव्हती. रिबन तेवढी नाहीशी व्हायची.

त्या शनिवारी तिथेच गाठ मारत असताना मागून मराठी ऐकू आलं.

“म्हणजे तुम्ही आहात होय, काकू!”

स्वयंसेवकांची फ्लोरोसंट जाकिटं घातलेली दोघं उभी होती, दर्शन आणि अदिती. दर्शनच्या हातमोज्यांना चिखल होता, अदितीच्या हातात फांद्या छाटायची कात्री. कोणत्या देवाचा नवस आहे हा, असं ती दोघं दर आठवड्याला एकमेकांना विचारत होती म्हणे.

“मी तर एका रिबनीपाशी इथे कायमचं राहायला पीआर मागितला,” अदिती म्हणाली. “अजून आला नाही हं. तुमचा देव फार सावकाश काम करतो.”

सुमित्राबाईही हसल्या. नवस नाही, मीही तुमच्यातलीच, असं त्यांनी सांगितलं. मुलानेच नाव घातलंय, अश्विन फणसळकर. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

“तुम्ही रिबनी सोडून टाकता?”

“कापून टाकतो. लोकांना वाटतं जादूटोणा आहे.”

“पण हा कठडा?”

कठड्याला हात त्या दोघांनीही कधी लावला नव्हता.

दर्शन अश्विनला ओळखत होता. दोघांची ऑफिसं चांगी बिझनेस पार्कमध्ये, जेवायला बऱ्याचदा एकत्र. आमच्या ग्रुपमध्ये काकू कुणीच नाहीत, काहीतरी गोंधळ झालाय, विचारून बघतो, असं म्हणून त्याने अदितीला नंबर लावायला सांगितलं. हातमोजे चिखलाचे म्हणून फोन स्पीकरवर. तुझी आई इथे रिबनी बांधतेय, असं त्याने सांगितलं.

“अरे, भेटली का ती तुला?” अश्विन हसला. “सांगायचंच राहिलं. सकाळी मोठमोठ्याने पोथी वाचत बसते, आणि नेमके तेव्हाच बायकोचे, क्षिप्राचे, न्यूयॉर्कचे कॉल. घराबाहेर काढायची तर काहीतरी काम नको का द्यायला? गिफ्ट पॅकिंगची रिबन पडली होती, तीच दिली. बांधू दे तिला. तुम्ही जाता-येता काढून टाका.”

अदितीने फोन बंद करायला बोट नेलं, तोवर पुढचं वाक्य येऊन गेलं होतं.

“आणि थांब, मी गाडी घेऊन येतो. नाहीतर तुमच्यात मिरवत बसेल.”

अदितीने फोन खिशात टाकला. मग दर्शन म्हणाला की मनावर घेऊ नका, अश्विन मस्करी करतो, ऑफिसमध्येही तसाच बोलतो. रिबनचं रीळ त्याने मागून घेतलं. सुमित्राबाईंनी सुटलेलं टोक आधी नीट गुंडाळलं, मग ते त्याच्या हातात दिलं.

“हा खरंच हलतो,” त्या म्हणाल्या.

“कळवू आम्ही. बघून जातील कोणीतरी.”

“कधी?”

“काकू, त्याची एक पद्धत असते.” त्याने वर रस्त्याकडच्या बाकाकडे बोट दाखवलं. “तुम्ही तिथे बसा. अश्विन येतोच आहे.”

खाली, पायऱ्यांच्या तळाशी, एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. टान अंकल. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात चालत नव्हता. चढताना आधार उजवीकडे लागे, आणि उजवीकडे हाच कठडा. आदल्या दिवशी ते इथेच धडपडले होते. तेव्हा सुमित्राबाईंनी त्यांना हात धरून वर आणलं, आणि होतं तेवढं इंग्रजी गोळा करून सांगितलं होतं, ‘टुमॉरो ऑल्सो, आय कम.’

अदितीने कठड्यावरची नवी गाठ कात्रीने कापली.

“काकू, बसताय ना?”

सुमित्राबाईंनी पदर कमरेला खोचला. हलत्या कठड्याच्या बाजूने, जिथे भरवशाने धरण्यासारखं काही नव्हतं, त्या एकेक पायरी खाली टान अंकलकडे उतरू लागल्या. वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी वळून पाहिलं नाही.